बायहूम मास्तरांच्या घरात

आत्याकडे राहायला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं, की मामाजींना ऐकू येत नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात. समोरच्या खोलीत ते आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, त्यांच्याकडे न बघता, मला म्हणायची, "इमल, पानी तापलं म्हनावं." दोघांच्या मधे अंतर ते किती, एक ज्वारीची कोठी आणि एक उंबरा. पण मी उठून खुर्चीपुढे जायचे आणि म्हणायचे, "मामाजी, पाणी तापलं." मग ते पेपरची घडी घालायचे, चष्मा डबीत ठेवायचे आणि न्हाणीकडे जाता जाता म्हणायचे, "विमल, टॉवेल जागेवर दिसत नाही म्हणावं." मी पुन्हा उंबरा ओलांडून आत. आत्या चुलीपुढून न उठता म्हणायची, "दोरीवर वाळू घातला हाय म्हनावं." असं दिवसभर चालायचं. पाणी तापायचं, ताट वाढलं जायचं, दळण संपायचं, कंदिलाची काच फुटायची. त्या घरात कोणी काही करत नव्हतं, सगळं आपोआप होत होतं, आणि झालेलं सगळं मी इकडून तिकडे पोचवत होते.

पण कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की मामाजी लगेच मनगटावरचं घड्याळ लावून घ्यायचे. बहिऱ्या माणसाला भोंगा कसा ऐकू येईल? मी वर्गातल्या एका मुलीला विचारलं. ती आमच्याच गल्लीत राहायची. ती माझ्याकडे बघून हसली. "तुले ठाव नाही? ते बोलत नाहीत एकमेकांशी. परभाकर गेला तवापासून." परभाकर म्हणजे आत्याचा एकुलता एक मुलगा, माझा प्रभाकरदादा. मी लहान असताना तो आमच्या गावी, धनजला, यायचा तेव्हा मला खांद्यावर घेऊन वावरात न्यायचा, एवढंच मला आठवत होतं. तो नोकरीला गेला आहे, असं आमच्या घरी सांगितलेलं होतं. त्या मुलीनं मला खरं काय ते सांगितलं. मामाजी हायस्कूलमध्ये इंग्रजीचे मास्तर होते, आणि त्यांचा मुलगा मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झाला, दोनदा. दुसऱ्या निकालाच्या दिवशी घरात काहीतरी बोलणं झालं आणि प्रभाकर अंगावरच्या कपड्यांनिशी एसटीत बसला. त्यानंतर आला नाही. मामाजींनी वेळेआधी शाळा सोडली, घरची शिकवणीही बंद केली.

गावात त्यांना बायहूम मास्तर म्हणायचे. इंग्रजीत कर्मणी प्रयोगाचं वाक्य झालं, की ते मुलावर बोट रोखून विचारायचे, "बाय हूम?" कोणाकडून? खिडकी फुटली, असं कोणी म्हणालं, की "बाय हूम?" गृहपाठ झाला नाही, "बाय हूम?" त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं बाजारात भेटली की अजून हसत तेच म्हणायची, आणि मामाजी मान खाली घालून पिशवी सांभाळत पुढे जायचे. कापूस बाजारातून येताना एकदा मी त्यांच्या मागे चालत होते. एका अडत्यानं गादीवरून हाक मारली, "काय सर, बाय हूम?" मामाजी थांबले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, "आज भूक नाही म्हणावं."

माझ्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर कारंज्याला, आणि एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून बाबांनी मला आत्याकडे आणून सोडलं. "तुवं शिक्षण बी होईन अन् बाईले सोबत बी होईन," असं ते म्हणाले होते. मला घराची आठवण कशाकशानं यायची ते सांगितलं तर कोणी हसेल. आमच्या घरी जेवताना सगळे एकदम बोलायचे. आई ओरडायची, धाकटे भाऊ भांडायचे, बाबा बैलाबद्दल काहीतरी सांगत असायचे आणि कोणी ऐकत नसायचं. आत्याकडे जेवताना फक्त भाकर मोडल्याचा आवाज यायचा. आत्याच्या हाताला चव अशी, की अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल आणि लसणाचा ठेचा एवढ्यावर मी दोन भाकरी खायचे. थंडीत ती तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायची आणि टोपलीभर शेंगा माझ्यापुढे ओतून म्हणायची, "खाय वो बाई, सोलून खाय." माझ्यावर तिची माया होती, यात मला कधीच शंका नव्हती. पण माझ्याशी बोलताना तिचा निम्मा आवाज नेहमी समोरच्या खोलीकडे असायचा. मामाजींचंही तेच. मी शाळेतून आले की ते विचारायचे, "आज बाहेर ऊन फार होतं का?" मी हो म्हणायचे. मग थोडं थांबून, "उन्हात वाळवण राहून गेलंय म्हणावं." रात्री अंथरुणावर पडलं की मला जाणवायचं, दिवसभर आपण किती बोललो, पण त्यात आपलं असं एकही वाक्य नव्हतं.

शाळेतही माझं कोणी नव्हतं. मी "मले, तुले" म्हणायचे तशा वर्गातल्या मुलीही म्हणायच्या, पण त्यांच्या वेण्यांना रिबिनी होत्या आणि त्या शाळेपासून घरापर्यंत एकमेकींच्या गळ्यात हात टाकून जायच्या. मी मागून जायचे. मंदिरांच्या गल्लीत थंड सावली असायची. तिथे मी मुद्दाम रेंगाळायचे. आत घंटा वाजली, की कोणीतरी कोणाला तरी बोलावतंय असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या सहामाहीत मी इंग्रजीत नापास झाले. मार्क सांगत नाही. बाबा तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन आले होते, त्यांनी प्रगतिपुस्तक उलटं-सुलटं करून पाहिलं. वाचता येत नव्हतं त्यांना, पण लाल रेघ कळली. म्हणाले, "इंग्रजीत पास होत नसन त कायले राह्याचं अठी? चाल घरी. कापूस येचाले आला, तुह्या मायले हात लागते." मला रोज घरी जावंसं वाटायचं, हे मी वर लिहिलंच आहे. तरी त्या वेळी मला जायचं नव्हतं. घरी गेले असते तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न, हे ठरलेलं होतं. माझ्या बरोबरीच्या दोघींची झाली होती. मी पिशवीत फ्रॉक कोंबत होते. आत्या स्वयंपाकघरात उभी होती. ती दारापर्यंत आली आणि कधी नव्हे इतक्या मोठ्यानं, जवळजवळ ओरडून, मला म्हणाली, "इमल, पोरीले शिकवा म्हनावं!"

मी समोरच्या खोलीत गेले, पण मला तोंड उघडावं लागलं नाही. मामाजी खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "माझ्याच्यानं शिकवल्या जात नाही आता." एरवी ते मास्तरांच्या शुद्ध भाषेत बोलायचे. हे वाक्य मात्र आमच्यासारखं, वऱ्हाडी. आमच्याकडे दुखणेकरी म्हणतो ना, माह्याच्यानं जेवल्या जात नाही. त्यानं ताट नाकारलेलं नसतं, पण घास गळ्याखाली जात नाही. इंग्रजीतल्या पॅसिव्हला ही गोष्ट सांगता येत नाही. नोकरीत मी सगळं आयुष्य 'कळविण्यात येते की' आणि 'कार्यवाही करण्यात येत आहे' लिहीत काढलं, त्या भाषेलाही येत नाही. बाबा पिशवी उचलायला वाकले तेव्हा मामाजी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "राहू द्या तिला. परीक्षेपर्यंत पाहू." मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी कॅलेंडर काढलं. त्याच्यामागे फळा होता. मी त्या घरात राहून दीड वर्ष होत आलं होतं आणि त्या भिंतीत फळा आहे हे मला माहीत नव्हतं.

सुरुवात पहिल्यापासून झाली. टू बी, टू हॅव, क्रियापदाची तीन रूपं. गो-वेंट-गॉन, सेंड-सेंट-सेंट. मी भांडी घासताना, पाणी भरताना ती घोकायचे, आणि आत्याही न कळत माझ्या तालावर भाकर थापायची. मामाजी शिकवायला लागले की निराळेच दिसायचे. पाठ ताठ व्हायची, आवाज भरायचा. व्हॉइसवर आम्ही आलो तेव्हा थंडी संपत आली होती. ते म्हणाले, "राम आंबा खातो. इथं राम पुढे आहे. आता आंब्याला पुढे आणू. अ मँगो इज ईटन बाय राम." मी विचारलं, "पण मामाजी, आंब्याला पुढे कायले आणायचं? खाणारा तर रामच हाय." ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "कधी कधी आंबाच महत्त्वाचा असतो. आणि कधी रामाचं नाव सांगायचं नसतं. तेव्हा बाय राम गाळून टाकायचं. वाक्य तरी पुरं होतं. अ मँगो इज ईटन." मला ते चटकन समजलं. जे मला वर्गात कळलं नव्हतं ते इथे कळायला वेळ लागला नाही. पाणी तापलं, ताट वाढलं, दळण संपलं. मी याच भाषेत तर राहत होते. आता माझी नात मोबाईलमध्ये वाक्य टाकते आणि ते आपोआप उलटं होऊन येतं. ती म्हणते, आजी, यात शिकण्यासारखं काय आहे?

मामाजी पुस्तकातल्या वाक्यांवर समाधानी नसायचे. "तुझी स्वतःची वाक्यं कर," म्हणायचे. मी कोणती करणार? माझ्यापुढे ते घरच होतं. भाकर इज मेड बाय आत्या. वॉटर इज ड्रॉन बाय मी. द न्यूजपेपर इज रेड बाय मामाजी. एके दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ते म्हणाले, "आज अशी पाच कर, ज्यात करणारा सांगितलेला नाही." आणि ते डोळे मिटून बसले. मी पाटीवर लिहायला लागले. काच फुटली. कापूस विकला गेला. कुत्र्याला मारलं. चौथ्या वाक्याला मला सुचेना. सेंड-सेंट-सेंट सकाळपासून डोक्यात वाजत होतं. मी लिहिलं, प्रभाकर वॉज सेंट आउट ऑफ द हाउस. कुणाला टोचावं म्हणून मी ते लिहिलं नाही, हे आजही शपथेवर सांगते. मी त्या घरातली वाक्यं करत होते, आणि हेही त्याच घरातलं होतं.

मामाजींनी पाटी घेतली. एकेक वाक्य ते मोठ्यानं वाचायचे, बरोबर असलं की मान हलवायचे. तीन झाली. चौथं त्यांनी त्याच सुरात वाचलं, आणि सगळं आयुष्य ज्या शब्दांना त्यांची जीभ सरावली होती ते शब्द त्यांनी विचार करायच्या आत तोंडातून निघून गेले.

"बाय हूम?"

स्वयंपाकघरातला थापण्याचा आवाज थांबला.

"तुमच्याकून!"

आत्याचा आवाज होता. तो माझ्यासाठी नव्हता. आत्या शाळेत गेलेली नव्हती, पण तिच्या लग्नापासून त्या खोलीत शिकवण्या चालल्या होत्या आणि दाराआड भाकरी थापत तिनं तो प्रश्न किती वेळा ऐकला असेल याला हिशेब नाही. मामाजींनी पाटी हळूच खाली ठेवली, चष्मा काढला. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला. मला वाटलं आता मला काहीतरी निरोप सांगतील. मी उठायच्या बेतात होते. पण ते दाराकडे तोंड करून, सरळ तिला म्हणाले, "हो. माझ्याकून."

आत्या पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. "काय म्हनलं होतं तुमी त्या दिवशी त्याले? सांगा या पोरीसमोर."

"आठवतं मले."

"सांगा!"

मामाजींचा आवाज इतका बारीक झाला, की मला पुढे वाकावं लागलं. "म्हनलं होतं, नापास पोराचं ताट या घरात वाढल्या जाणार नाही."

"वाढल्या जाणार नाही!" आत्या म्हणाली. "अन् वाढत कोन होतं? मी! ताट माह्या हाती होतं. माह्या हातचं ताट थांबवलं तुमी. त्यानं माह्या तोंडाकडे पाह्यलं, मास्तर. वाट पाह्यली त्यानं, माय वाढते का म्हनून. अन् मी उभी राह्यली मुक्यावानी." तिनं दोन्ही हात पुढे केले, जणू ते कोणाचे आहेत हेच तिला कळत नव्हतं. "तो तुमच्यामुळं गेला, पन उपाशी माह्या हातानं गेला. हे नाही गिळल्या जात माह्याच्यानं."

मामाजी रडले. मोठा माणूस रडताना मी तोवर पाहिला नव्हता. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी आत जाऊन करपलेली भाकर तव्यावरून काढली आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. बाहेर दोघांचे आवाज येत राहिले. कधी भांडल्यासारखे, कधी एकदम खाली. मग मी आत्याला म्हणताना ऐकलं, "भुसावळले हाय म्हने. टेशनावरच्या हॉटेलात." मामाजी म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?" ती म्हणाली, "म्हंजे तुमालेबी ठाव होतं?" दोघांनाही माहीत होतं. दोघांनाही निरनिराळ्या माणसांनी केव्हाचं सांगितलेलं होतं. पण हा निरोप माझ्यासारख्या पोरीच्या तोंडून पाठवण्यासारखा नव्हता, म्हणून तो दोघांपाशी पडून होता.

त्या दिवसापासून ते बोलायला लागले, आणि थांबेचनात. सकाळी चहाला बसले की ऊन अंगणात येईपर्यंत. प्रभाकर लहान असताना कसा तोतरं बोलायचा, कोणत्या ताटात जेवायचा, तिथे गेल्यावर त्याला काय म्हणायचं, आधी कोण बोलेल. मी पाणी तापल्याचं सांगायला जायचे तर मामाजी केव्हाच न्हाणीत गेलेले असायचे. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. पण मी शाळेतून यायचे, पुस्तकं ठेवायचे, आणि मला कोणी काही विचारायचं नाही, काही सांगायचंही नाही. पूर्वी निदान माझ्या नावानं वाक्य सुरू व्हायचं.

परीक्षा अर्धी झाली होती तेव्हा ते दोघं भुसावळला निघाले. आत्यानं माझ्यासाठी तांदूळ, डाळ काढून ठेवली, शेजारच्या बाईला लक्ष द्यायला सांगितलं. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दार लावून घेत जाय वो." इंग्रजीचा पेपर आदल्याच दिवशी झाला होता. व्हॉइसचे सगळे प्रश्न मी सोडवले होते, आणि हे मामाजींना सांगायचं माझ्या ओठांवर होतं. पण ते एसटीच्या वेळेची चौकशी करत होते. शेवटच्या पेपरच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मुलींच्या आया, भाऊ उभे होते. कोणी रसवंतीवर नेत होतं, कोणी पाण्याची सुरई घेऊन आलेलं. मी गर्दीतून बाहेर पडले, मंदिरांच्या गल्लीतून घरी आले, कुलूप काढलं आणि खिचडी टाकली. घर इतकं शांत होतं, की खिचडी शिजताना होणारा आवाज मला सोबतीसारखा वाटला. मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, "पेपर चांगला गेला." आपला आवाज आपल्यालाच ओळखू येईना.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आधी गल्लीतून आत्याचा आवाज ऐकू आला, ती कोणाला तरी घर दाखवल्यासारखं सांगत होती की चिंच तोडली, नळ आला. मागे मामाजी पिशवी घेऊन. आणि मधे एक मिशीवाला, वाळलेला माणूस, ज्याला दारात शिरताना वाकावं की नाही हे आठवत नव्हतं. मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं. ओळख पटली नाही.

"हे कोन हाय?" त्यानं विचारलं.

आत्या घाईघाईनं पाण्याचा लोटा घेऊन येत होती. तिचे डोळे त्याच्या तोंडावरून हलत नव्हते. "माह्या भावाची पोरगी," ती म्हणाली. "सोबतीले ठेवली होती."

त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. वाक्य खरं होतं. मी बाजूला झाले आणि तो आत गेला. मग आत्यानं ताट वाढलं. वाढताना भाजी ताटाबाहेर सांडत होती, आणि तो खाली मान घालून जेवत होता. मामाजी दाराशी उभं राहून बघत होते. मला ते चित्र अजून दिसतं. त्या क्षणी त्या घरात काही कमी नव्हतं. मी मागच्या दारानं जाऊन दोरीवरचे माझे कपडे काढले आणि घडी करून पिशवीत भरले. बाबा चार दिवसांनी न्यायला येणार होते. मी थांबले नाही. आत्याला म्हणाले, "मी जातो धनजले," आणि ती म्हणाली, "हो बाई, नीट जाय," आणि पुन्हा ताटाकडे वळली.

एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं विचारलं, "संगं कोन हाय?" मी म्हणाले, "कोनी नाही. मी एकटीच जाऊन राह्यली." तोवर मला कोणीतरी आणलं होतं, सोडलं होतं, ठेवलं होतं. त्या दिवशी मी गेले.